मायक्रोकंट्रोलर प्रोग्रॅमर कोणता घ्यावा? पैसे घालवण्याआधी हे वाचा

मागच्या महिन्यात माझ्या मामेभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. तीन फोटो आणि खाली एकच ओळ: "दादा, यातला कोणता घेऊ? पाचशेच्या आत पाहिजे." तो पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टच्या सबमिशनला बारा दिवस उरले होते. फोटोत तीन वेगवेगळे यूएसबी प्रोग्रॅमर होते. मी विचारलं, चिप कोणती? तो म्हणाला, "८०५१." म्हटलं, असं नाही, चिपच्या पाठीवर जे छापलंय त्याचा फोटो पाठव. फोटो आला, त्यावर लिहिलं होतं एटी८९सी५१. म्हणजे त्या तीनपैकी एकही प्रोग्रॅमर त्याच्या कामाचा नव्हता!

त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण हा गोंधळ फक्त त्याचा नाही. अर्डुइनोच्या पुढे एक पाऊल टाकायचं ठरवलं की प्रत्येक जण इथेच अडकतो. ऑनलाइन दुकानात 'प्रोग्रॅमर' असं सर्च केलं की पन्नास गोष्टी समोर येतात, सगळ्या सारख्याच दिसतात आणि प्रत्येकाखाली कुणीतरी 'वर्किंग फाइन' लिहिलेलं असतं. म्हणून आज जरा सविस्तर बोलूया.

प्रोग्रॅमर म्हणजे नक्की काय?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला छोटासा कॉम्प्युटर. त्यात प्रोसेसर असतो, थोडी रॅम असते आणि प्रोग्रॅम साठवायला फ्लॅश मेमरी असते. आपण लॅपटॉपवर लिहिलेला कोड कंपाइल होऊन एक हेक्स किंवा बिन फाइल तयार होते. ती फाइल त्या फ्लॅश मेमरीत नेऊन टाकणारं जे उपकरण, तो प्रोग्रॅमर. काही जण त्याला बर्नर म्हणतात. कॉलेजच्या लॅबमध्ये अजूनही 'चिप बर्न करून आण' असंच म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, अर्डुइनो उनोला तर असलं काही लागत नाही, केबल लावली की कोड जातो. बरोबर आहे. कारण उनोमधल्या एटीमेगा३२८पी चिपच्या मेमरीत आधीपासून एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो, त्याला बूटलोडर म्हणतात. चिप रीसेट झाली की तो क्षणभर थांबून बघतो की सीरियल पोर्टवरून नवीन कोड येतोय का. येत असेल तर तोच तो कोड फ्लॅशमध्ये लिहून टाकतो. चिपच्या ३२ केबी मेमरीपैकी उनोच्या बूटलोडरला फक्त अर्धा केबी जागा लागते.

पण दुकानातून सुटी चिप आणली तर ती कोरी असते. तिच्यात बूटलोडर नाही, म्हणजे सीरियलवर कितीही ओरडलात तरी ऐकणारं आत कुणीच नाही. तिथे खरा प्रोग्रॅमर लागतो.

आधी हे तपासा: तुम्हाला प्रोग्रॅमर लागतोय का?

मला विचारणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना लागतच नाही, असा माझा अनुभव आहे.

उनो, नॅनो, मेगा यांपैकी काही वापरत असाल तर यूएसबी केबल पुरे. ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ चा डेव्हलपमेंट बोर्ड असेल तरी केबल पुरे, कारण या चिपमधला बूटलोडर कारखान्यातच रॉममध्ये कोरलेला असतो, तो पुसला जात नाही. रास्पबेरी पाय पिको तर सगळ्यात सोपा. बोर्डवरचं बूटसेल बटण दाबून धरायचं, केबल लावायची, की कॉम्प्युटरला तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात यूएफ२ फाइल टाकली की काम झालं. २०२१ मध्ये पिको आला तेव्हा मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली होती.

एक केबलची गोष्ट इथेच सांगून टाकतो. पॉवर बँक किंवा इअरबड्ससोबत येणाऱ्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात. आत दोनच तारा, डेटाच्या तारा नसतातच. बोर्डवरचा लाइट लागतो पण पोर्ट दिसत नाही. मग माणूस ड्रायव्हर टाकत बसतो, बोर्ड बदलतो, शेवटी प्रोग्रॅमर विकत घेतो. त्याआधी त्याच केबलने मोबाइलमधला एखादा फोटो लॅपटॉपवर कॉपी होतो का ते बघा.

मग प्रोग्रॅमर लागतो कधी? सुटी चिप ब्रेडबोर्डवर किंवा स्वतःच्या पीसीबीवर वापरायची असेल तेव्हा. एटीटाइनी८५ सारखी आठ पायांची छोटी चिप घेतली असेल तेव्हा. बूटलोडर उडाला असेल तेव्हा. पीआयसी किंवा ८०५१ वर काम असेल तेव्हा. आणि कोड ओळीओळीने थांबवून आत काय चाललंय ते बघायचं असेल, म्हणजे डिबगिंग करायचं असेल, तेव्हा.

सगळं चिपवर अवलंबून आहे

हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पैसे वाचतील: प्रोग्रॅमर आधी आणि चिप नंतर, असं कधीच करू नका. प्रत्येक कंपनीच्या चिपची आत शिरायची वाट वेगळी असते. एव्हीआरला एसपीआयच्या तारा लागतात, पीआयसीला आयसीएसपी, एसटीएम३२ ला एसडब्ल्यूडी आणि ईएसपी३२ ला साधं सीरियल. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही.

'युनिव्हर्सल' लिहिलेले प्रोग्रॅमरही मिळतात. टीएल८६६ आणि त्याची पुढची मॉडेल्स चांगली आहेत, हिरव्या लीव्हरच्या सॉकेटमध्ये चिप बसवायची आणि बर्न करायची. पण ती हजारांच्या घरात जातात आणि दर वेळी चिप बोर्डवरून उपटून काढावी लागते. जुन्या ईपीरॉमशी खेळायचं नसेल तर विद्यार्थ्याला त्याची गरज नाही.

अजून एक सावधानता. सीएच३४१ए नावाचा छोटा काळा प्रोग्रॅमर खूप स्वस्त मिळतो आणि यादीत नेहमी वर दिसतो. तो लॅपटॉपच्या बायोसमध्ये असते तसल्या मेमरी चिप वाचण्या-लिहिण्यासाठी आहे. मायक्रोकंट्रोलरसाठी नाही. मामेभावाच्या तीन फोटोंपैकी एक हाच होता.

एव्हीआर: यूएसबीएएसपी आणि माझ्या चार 'मेलेल्या' चिप

एव्हीआर म्हणजे एटीमेगा३२८पी, एटीमेगा८, एटीमेगा३२, एटीटाइनी८५ वगैरे मंडळी. यांच्यासाठी सगळ्यात जास्त विकला जाणारा प्रोग्रॅमर म्हणजे यूएसबीएएसपी. जर्मनीच्या थॉमस फिशल यांनी तो डिझाइन केला आणि सर्किट, फर्मवेअर सगळं खुलं ठेवलं. म्हणूनच आज तो कुणीही बनवतो आणि पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गंमत म्हणजे त्याच्या आत स्वतः एक एटीमेगा८ बसलेला असतो. एव्हीआरला एव्हीआरच शिकवतो.

जोडणीला सहा तारा लागतात: मोसी, मिसो, एससीके, रीसेट, व्हीसीसी आणि ग्राउंड. प्रोग्रॅमरवर दहा पिनांचा कनेक्टर असतो आणि बोर्डवर बहुतेक वेळा सहा पिनांचा, म्हणून दहा-ते-सहा अ‍ॅडॅप्टर सोबतच घ्या. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे, नसेल तर अख्खी संध्याकाळ जंपर वायरी मोजण्यात जाते.

आता माझी गोष्ट. मी पहिल्यांदा सुट्या एटीमेगा३२८पी घेतल्या तेव्हा पाच आणल्या होत्या. यूएसबीएएसपी लावला, एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअर चालवलं, तर उत्तर आलं की टार्गेट प्रतिसाद देत नाही. वायरी तपासल्या, सगळ्या बरोबर. दुसरी चिप लावली, तेच. तिसरी, चौथी, तेच. मी ठरवून टाकलं की दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला. त्या चार चिप मी रागाने एका डबीत फेकल्या आणि डबीवर मार्करने 'डेड' लिहिलं. दुकानात जाऊन वादही घातला. तो बिचारा म्हणत होता, "साहेब, चिप चांगली आहे." मी कसला ऐकतोय!

दोन महिन्यांनी कारण कळलं. कोरी एटीमेगा३२८पी कारखान्यातून येते तेव्हा ती आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला आठने भागून, म्हणजे फक्त १ मेगाहर्ट्झवर चालते. डेटाशीटमध्ये नियम आहे की प्रोग्रॅमिंगच्या एससीके तारेचा वेग चिपच्या वेगाच्या एक चतुर्थांशपेक्षा कमी हवा. म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या खाली. आणि यूएसबीएएसपी नेहमी बोलतो ३७५ किलोहर्ट्झने. चिप मेलेली नव्हती, प्रोग्रॅमर तिच्याशी फार भरभर बोलत होता.

उपाय दोन आहेत. एव्हीआरड्यूडच्या कमांडमध्ये उणे चिन्ह, त्याला चिकटून मोठ्या लिपीतला बी आणि पुढे १० असं लिहा. त्याने वेग साधारण ९४ किलोहर्ट्झवर येतो आणि कोरी चिप लगेच बोलते. पण स्वस्त यूएसबीएएसपीमध्ये बरेचदा जुनं फर्मवेअर असतं, त्याला हा पर्याय कळत नाही. अशा वेळी स्क्रीनवर 'कॅनॉट सेट एससीके पिरियड' अशी वॉर्निंग येते. चिपचा वेग जास्त असेल तर ही वॉर्निंग सरळ दुर्लक्षित करा, कोड व्यवस्थित जातो. पण कोऱ्या चिपवर ती आली तर बोर्डवरचा जेपी३ नावाचा जंपर जोडा. मग वेग एकदम ८ किलोहर्ट्झवर येतो. फाइल जायला वेळ लागतो, चहा करून या, पण जाते. बऱ्याच बोर्डांवर जेपी३ ला पिना लावलेल्याच नसतात, नुसती दोन छिद्रं असतात. वायरचा तुकडा घालून जोडलं तरी चालतं. एकदा चिपची फ्यूज सेटिंग बदलून तिचा वेग वाढवला की जंपर काढून टाका.

'डेड' लिहिलेल्या त्या डबीतल्या चारही चिप चालल्या. दुकानदाराकडे मात्र मी परत गेलो तेव्हा काही बोललो नाही, गुपचूप एक सोल्डर वायरचा रोल घेतला.

यूएसबीएएसपी घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, नाव. 'यूएसबीआयएसपी' असं छापलेले काही हुबेहूब तसेच दिसणारे प्रोग्रॅमर मिळतात. अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत छान दिसतात, पण काहींच्या आत वेगळंच फर्मवेअर असतं. एव्हीआरड्यूडला ते सापडतच नाहीत, त्यांचं स्वतःचं विंडोज सॉफ्टवेअर लागतं. दुसरा प्रोग्रॅमर हाताशी असेल तर त्यांच्यात खरं यूएसबीएएसपी फर्मवेअर भरता येतं. पण पहिलाच प्रोग्रॅमर घेणाऱ्याकडे दुसरा कुठून येणार?

दुसरी, व्होल्टेजचा जंपर. ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट असा पर्याय दिलेला असतो. पण अनेक स्वस्त बोर्डांत हा जंपर फक्त पॉवरची तार बदलतो, सिग्नलच्या तारा ५ व्होल्टवरच राहतात. नुसती चिप असेल तर फार बिघडत नाही. पण बोर्डवर ३.३ व्होल्टचं रेडिओ मॉड्यूल किंवा एसडी कार्ड त्याच तारांवर असेल तर ते जाऊ शकतं. मल्टिमीटर असेल तर एकदा मोजून बघा.

तिसरी, ड्रायव्हर. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, फार तर परवानगीचा एक नियम लिहावा लागतो. विंडोजवर झाडिग नावाचं छोटं मोफत टूल वापरून लिबयूएसबीचा ड्रायव्हर बसवायचा. यादीत यूएसबीएएसपीच निवडला आहे ना, हे दोनदा बघा. घाईत कीबोर्ड निवडून त्याच्यावर ड्रायव्हर चढवणारे लोक मी पाहिलेत.

फ्यूजला हात लावण्याआधी

एव्हीआरमध्ये फ्यूज नावाच्या सेटिंग असतात. घड्याळ कुठलं वापरायचं, रीसेटचा पाय चालू ठेवायचा की नाही, असं त्यात ठरतं. चुकून बाहेरच्या क्रिस्टलचा फ्यूज लावला आणि क्रिस्टल जोडलेलंच नसेल तर चिप गप्प होते. घाबरू नका, १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल आणि दोन २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावले की ती पुन्हा बोलते.

खरा धोका रीसेट बंद करणाऱ्या फ्यूजचा. एटीटाइनी८५ ला पायच आठ, त्यामुळे एक जास्तीचा पाय मिळावा म्हणून लोक रीसेट बंद करतात. त्यानंतर यूएसबीएएसपी तिच्यात कधीच शिरू शकत नाही. मग रीसेटच्या पायावर १२ व्होल्ट देणारा हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमर लागतो. तो अर्डुइनो आणि एका ट्रान्झिस्टरवर घरी बनवता येतो, पण ती उठाठेव टाळलेलीच बरी. फ्यूजची किंमत लिहिण्याआधी ऑनलाइन फ्यूज कॅल्क्युलेटरमध्ये घालून बघा आणि आधीची किंमत वाचून वहीत लिहून ठेवा.

खिशात पैसे नसतील तर: अर्डुइनोच प्रोग्रॅमर

घरात उनो पडलेला असेल तर एव्हीआरसाठी एक रुपयाही खर्च करू नका. अर्डुइनो आयडीईच्या एक्झाम्पल्समध्ये 'अर्डुइनोआयएसपी' नावाचं स्केच आहे. ते उनोमध्ये टाकलं की उनो स्वतः प्रोग्रॅमर बनतो. उनोचा पिन १० नव्या चिपच्या रीसेटला, ११ मोसीला, १२ मिसोला, १३ एससीकेला, शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. एटीमेगा३२८पीच्या लांब डिप पॅकेजवर रीसेट म्हणजे पाय १, मोसी १७, मिसो १८, एससीके १९. पॉवर ७ आणि २० ला, ग्राउंड ८ आणि २२ ला.

स्केच टाकून झाल्यावर उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लस बाजू रीसेटकडे. तो नसेल तर आयडीईने पोर्ट उघडताच उनो स्वतःच रीसेट होतो आणि नवा कोड चिपऐवजी स्वतःच्याच पोटात घेतो. नंतर टूल्स मेनूत प्रोग्रॅमर निवडताना 'अर्डुइनो ॲज आयएसपी' निवडा. तिथेच सलग लिहिलेलं 'अर्डुइनोआयएसपी' असंही एक नाव असतं, ते वेगळं उपकरण आहे. या दोन नावांच्या घोळात किती तास गेले असतील जगाचे!

या स्केचचा वेग मुळातच साधारण १६६ किलोहर्ट्झ ठेवलेला आहे, म्हणजे २५० च्या खाली. माझ्या डबीतल्या चिप 'जिवंत' आहेत हे मला यूएसबीएएसपीने नाही, या जुगाडानेच दाखवलं.

एक लक्षात असू द्या. प्रोग्रॅमरने थेट कोड टाकला की चिपमधला बूटलोडर पुसला जातो. नंतर यूएसबीने कोड जाईना झाला तर बोर्ड बिघडलेला नाही, 'बर्न बूटलोडर' एकदा करा.

नव्या पिढीच्या एव्हीआरना मात्र वरचं काहीच चालत नाही. एटीटाइनी४१२, एटीमेगा४८०९ अशा चिप यूपीडीआय नावाच्या एकाच तारेवर बोलतात. त्यांना यूएसबीएएसपी निरुपयोगी. पण साधं यूएसबी-टू-सीरियल मॉड्यूल आणि एक रेझिस्टर किंवा शॉटकी डायोड इतक्यात काम होतं.

८०५१: 'सी' आणि 'एस' मधला फरक

आता मामेभावाकडे येऊ. आपल्याकडच्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात ८०५१ अजून ठाण मांडून आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. एटी८९सी५१ ही जुनी चिप. तिला प्रोग्रॅम करायला १२ व्होल्ट आणि डझनावारी तारांचा पॅरलल प्रोग्रॅमर लागतो. एटी८९एस५१ आणि एटी८९एस५२ या नंतरच्या. त्यांना एव्हीआरसारख्याच मोसी, मिसो, एससीके तारा आहेत, अनुक्रमे पाय ६, ७ आणि ८ वर. बाकी पायांची मांडणी तीच. फरक एका अक्षराचा, पण एका अक्षरासाठी वेगळा प्रोग्रॅमर.

मी त्याला सांगितलं, प्रोग्रॅमर शोधू नकोस, चिप बदल. सी५१ परत देऊन एस५२ घे. त्याने पुढे यूएसबीएएसपी घेतला आणि प्रोगआयएसपी नावाच्या विंडोज सॉफ्टवेअरने कोड टाकला. यात दोन खाचा आहेत. ८०५१ चा रीसेट उलटा असतो, म्हणजे हाय दिल्यावर रीसेट होतो, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये चिपचं नाव अचूक निवडावं लागतं. आणि क्रिस्टल जोडलेलं असल्याशिवाय चिप प्रोग्रॅमिंगलाही उत्तर देत नाही. नुसती चिप ब्रेडबोर्डवर ठोकून चालत नाही.

तुमच्याकडे पी८९व्ही५१आरडी२ असेल तर तिच्यात सीरियल बूटलोडर असतो आणि फ्लॅश मॅजिक हे सॉफ्टवेअर पुरतं. एसटीसी८९सी५२ चंही तसंच, फक्त तिला कोड पाठवताना पॉवर बंद करून पुन्हा चालू करावी लागते, नुसता रीसेट तिला चालत नाही.

पीआयसी

पीआयसी१६एफ८७७ए वर प्रोजेक्ट असेल तर पीआयसीकिट३ चा क्लोन सगळीकडे मिळतो आणि चालतोही. अडचण सॉफ्टवेअरची आहे. एमपीलॅब एक्सच्या नव्या आवृत्त्यांनी पीआयसीकिट३ चा सपोर्ट काढून टाकलाय. त्यामुळे मायक्रोचिपच्या साइटवरच्या संग्रहातून जुनी आवृत्ती उतरवावी लागते. मायक्रोचिपचा स्वतःचा स्वस्त पर्याय म्हणजे स्नॅप. पण तो बोर्डला पॉवर देत नाही आणि जुन्या पीआयसीला लागणारं जास्त व्होल्टेजही देत नाही, म्हणून ८७७ए साठी मी तो घे म्हणणार नाही. एकाच प्रोजेक्टसाठी हवा असेल तर विकत घेण्याआधी कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा, कपाटात एखादा नक्की पडलेला असतो.

एसटीएम३२: इथे स्वस्त तेच चांगलं

ब्लू पिल नावाचा निळा बोर्ड, म्हणजे एसटीएम३२एफ१०३, घेतला असेल तर एसटी-लिंक व्ही२ चा क्लोन घ्या. पेनड्राइव्हएवढा असतो, चार तारा लागतात: एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके, ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट. यात डिबगिंगही होतं, म्हणजे कोड मध्येच थांबवून व्हेरिएबलची किंमत बघता येते. दोन-चारशे रुपयांत ही सोय दुसरीकडे मिळत नाही, म्हणून शिकणाऱ्यांना मी हीच वाट सुचवतो. फक्त पिनांचा क्रम इंटरनेटवरच्या चित्रावरून लावू नका. वेगवेगळ्या क्लोनमध्ये तो वेगळा असतो, तुमच्या डबीवर छापलाय तोच खरा.

सगळ्यांना एकदा तरी गाठणारा प्रकार असा. क्यूबएमएक्समधून प्रोजेक्ट बनवताना 'सीरियल वायर' चा पर्याय चालू करायला विसरलात तर पहिला कोड जातो आणि दुसऱ्यांदा एसटी-लिंकला चिप सापडतच नाही. कारण तुमच्याच कोडने ते दोन पाय बंद केलेले असतात. बूट० चा जंपर १ वर करा, रीसेट दाबा आणि पुन्हा जोडा. चिप ठीक असते.

न्यूक्लिओ बोर्ड घरात असेल तर वेगळा प्रोग्रॅमर लागतच नाही. त्याच्यावर एसटी-लिंक बसवलेलाच असतो, दोन जंपर काढले की तो बाहेरच्या चिपलाही प्रोग्रॅम करतो.

ईएसपी३२-कॅम आणि सीरियल मॉड्यूल

ईएसपी३२-कॅम घेणारे बरेच जण असतील. त्यावर यूएसबी नसतो. त्याला यूएसबी-टू-सीरियल मॉड्यूल लावा, आयओ० ग्राउंडला जोडा, रीसेट दाबा आणि अपलोड करा. झाल्यावर ती तार काढून पुन्हा रीसेट. 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर पॅकेट हेडर' असं आलं तर आयओ० ची तार सुटली आहे किंवा टीएक्स-आरएक्स अदलाबदल करायचे राहिलेत. सिग्नल ३.३ व्होल्टचेच द्या, ईएसपी३२ चे पाय ५ व्होल्टसाठी बनलेले नाहीत. ही झंझट नको असेल तर खाली बसणारा एमबी बोर्ड सोबत घ्या, त्यात यूएसबी असतो.

सीरियल मॉड्यूलमध्ये मी सीपी२१०२ किंवा सीएच३४० घेतो. एफटीडीआय नाव असलेल्या स्वस्त मॉड्यूलमध्ये नकली चिप असण्याची शक्यता बरीच. २०१४ मध्ये त्या कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य करून त्या बंद पाडल्या होत्या आणि मोठा गदारोळ झाला होता.

लॅपटॉप नसेल, फक्त मोबाइल असेल तर?

हा प्रश्न मला खूप येतो. अँड्रॉइडवर अर्डुइनोड्रॉइड अ‍ॅप आहे, ओटीजी केबलने उनो किंवा नॅनो जोडून त्यातून कोड लिहिता आणि टाकता येतो. छोट्या स्क्रीनवर डोळे दुखतात, पण होतं. ईएसपी३२ असेल तर मित्राच्या लॅपटॉपवरून एकदाच वेब अपडेटचं एक्झाम्पल टाकून घ्या. पुढची बिन फाइल मोबाइलच्या ब्राउझरमधून वाय-फायवर पाठवता येते. पीआयसी आणि ८०५१ साठी मात्र कॉम्प्युटर हाताशी हवाच.

मामेभावाची चिप दुकानदाराने बदलून दिली, वरचे थोडे पैसे घेतले. सबमिशनच्या पाच दिवस आधी रात्री साडेअकराला त्याचा लुकलुकणाऱ्या एलईडीचा व्हिडिओ आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा मेसेज: "दादा, एलसीडीवर वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन येतायत, प्रोग्रॅमर खराब आहे का?" म्हटलं, नाही रे बाबा, एलसीडी सुरूच झालेला नाही, ई आणि आरएसच्या तारा बघ.